काक्षी मंद झाली, की माझे डोळे?

२०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा-अकरा झाले असतील. दिवसभर एका जाडजूड शब्दसूचीची मुद्रितं तपासून डोळे शिणले होते, म्हणून गच्चीवर गेले. माझी जुनी खोड आहे ही. डोळे दमले की लांबचं काहीतरी बघायचं, आणि गच्चीवरून ताऱ्यांहून लांबचं दुसरं काय दिसणार? मृग चांगलं वर आलं होतं. नजर सवयीनं काक्षीवर, मृगातल्या तांबूस ठळक ताऱ्यावर, गेली आणि काहीतरी खटकलं. मुद्रितात ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झालेली असली की शब्द वाचायच्या आधीच खटकतो, तसं. दोन-तीनदा बघितल्यावर उमगलं. काक्षी रोहिणीपेक्षा फिकी दिसत होती.

तीसेक वर्षं मी हे दोन तारे बघत आले आहे. दोघी लालसर, आणि माझ्या आठवणीत काक्षीच उजवी. त्या रात्री मात्र रोहिणी ठसठशीत आणि काक्षी जुन्या शिक्क्यासारखी पुसट.

पहिला विचार काय आला सांगू? डोळे गेले. माझं पोट डोळ्यांवर आहे. अनुस्वार दिसेनासा झाला तर मला कोण काम देणार? खाली येऊन भाच्याला सांगितलं, तर तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "मावशी, नंबर वाढला असेल." रात्रभर झोप नाही. पुढच्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी सगळं तपासलं, शेवटची ओळ वाचून घेतली आणि म्हणाले, नंबर होता तेवढाच आहे. मी म्हटलं, मग तारा मंद का दिसतो? ते हसून म्हणाले, "ताराच बदलला असेल."

गंमत म्हणून बोलले बिचारे, पण झालं होतं तसंच. त्याच महिन्यात खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं की काक्षी, म्हणजे बीटलग्यूज, कधी नव्हे इतकी मंदावते आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ती इतकी उतरली की नेहमीच्या निम्म्याहूनही कमी उजेड राहिला. शेजारचा बेलाट्रिक्स, जो तिच्यापुढे एरवी अगदी दुय्यम, तो आणि ती जवळजवळ बरोबरीला आले. जगभर चर्चा, आता हा तारा फुटणार का वगैरे. फुटला नाही. वसंतापर्यंत पुन्हा पूर्ववत झाला. पुढे २०२१ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं घेतलेल्या प्रतिमांवरून उलगडा झाला: ताऱ्यानं वायूचा एक लोट बाहेर फेकला होता, पृष्ठभागाचा एक भाग थंडावला, त्या वायूत धूळ तयार झाली आणि नेमकी आपल्या बाजूनं आड आली. मी पाहिलं ते त्या धुळीचं सावट. आणि घडलं होतं पाच-सातशे वर्षांपूर्वी. बातमी मात्र त्या हिवाळ्यात पोचली.

मला या सगळ्यात भारी वाटलं ते दुसरंच. हे माझ्या साध्या चष्म्यातून दिसलं होतं! कारण मी त्या ताऱ्याकडे एकटं बघितलं नव्हतं, रोहिणीशी ताडून बघितलं होतं. आमच्या धंद्यातला शब्द आहे हा. मुद्रित मूळ प्रतीशी ताडून बघायचं. एकट्या मुद्रिताकडे कितीही डोळे फाडून बघा, गाळलेली ओळ सापडत नाही. तेव्हापासून हिवाळ्यात मी आकाश नुसतं बघत नाही, ताडून बघते. आणि त्यासाठी हिवाळ्याइतकं सोयीचं आकाश नाही, कारण ठळक तारे एकाच बाजूला इतके दाटीवाटीनं दुसऱ्या कुठल्याच ऋतूत बसलेले नसतात.

सुरुवात अर्थातच मृगापासून. डिसेंबरच्या मध्यावर ते सूर्य मावळता मावळता पूर्वेला उगवतं, जानेवारीच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्याला आठच्या सुमारास सगळ्यात उंच असतं. रोज चार मिनिटं आधी, म्हणजे महिन्याला दोन तास. चार तारे चौकोनाच्या कोपऱ्यांत, ते हरणाचे पाय. मधोमध एका रेषेत तीन, तो हरणाच्या पोटात रुतलेला बाण. पाश्चात्त्य नकाशात तिथे गदा उगारलेला शिकारी आहे आणि हे तीन त्याच्या कमरेचा पट्टा. मला आपलं हरणाचं चित्र जास्त पटतं, कारण बाणाची रेषा मागे वाढवली की सरळ व्याधावर जाऊन पोचते. बाण कुणी मारला त्याचा पुरावाच. पट्ट्याच्या गोष्टीत तो नुसता योगायोग राहतो.

नुकतं उगवलेलं मृग ओळखताना लोक हमखास फसतात. पुस्तकात बाणाचे तीन तारे तिरपे काढलेले असतात, पण उगवताना ते जवळजवळ उभे असतात, एकावर एक. तेव्हा काक्षी डावीकडे आणि चौकोनात तिच्या समोरच्या कोपऱ्यातला राजन्य, म्हणजे रायगेल, उजवीकडे. डोक्यावर आलं की सगळं वळून काक्षी वर आणि राजन्य खाली. (दक्षिण गोलार्धातून हेच उलटं दिसतं, आणि तिकडे तर तो उन्हाळा.)

आता पहिलं ताडून बघणं: काक्षी आणि राजन्य, आणि तेही नुसते रंगाने. एक तांबूस, दुसरा निळसर पांढरा. "मला तर सगळे तारे पांढरेच दिसतात," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचं चूक नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. रंग कळणाऱ्या पेशींना जागं करायला तारा चांगला ठळक लागतो. असे ठळक तारे हिवाळ्यात आहेत. त्यातूनही रंग दिसला नाही तर एक युक्ती करा. साधा बायनॉक्युलर घ्या आणि तारा स्पष्ट करण्याऐवजी मुद्दाम थोडा बिघडवा. टाचणीच्या टोकाची टिकली होते, आणि त्या टिकलीत रंग पसरून दिसतो. मी काक्षीची टिकली पहिल्यांदा पाहिली तेव्हा निखाऱ्यावर राख धरायला लागली की दिसतो ना, तो रंग होता. लगेच बायनॉक्युलर तसाच खाली राजन्यवर आणला. टिकली तेवढीच, पण रंग वेल्डिंगच्या ठिणगीचा. फरक आहे तापमानाचा. काक्षीचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार अंश, राजन्यचा बारा हजारांच्या आसपास. लाल म्हणजे थंड आणि निळं म्हणजे तापलेलं, हे नळाच्या तोटीवरच्या खुणांच्या बरोबर उलट, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

बाणाची रेषा खाली वाढवली की व्याध. तो दाखवावा लागत नाही, साऱ्या आकाशात सगळ्यात तेजस्वी तारा तोच. उगवून तासभर झाला असेल तर त्याच्याकडे जरूर बघा: लाल, हिरवा, निळा असा भराभर रंग बदलताना दिसतो. हा ताऱ्याचा गुण नाही, हवेचा. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, तो थर सतत हलत असतो आणि प्रत्येक रंगाला थोडा वेगळा वळवतो. सगळ्याच ताऱ्यांच्या बाबतीत होतं हे, पण दिसण्याइतका उजेड व्याधाकडेच. एकदा रात्री साडेनऊला एका मैत्रिणीचा घाबराघुबरा फोन आला होता, समोरच्या इमारतीवर ड्रोन थांबलंय, लाल-हिरवे दिवे मारतंय. मी म्हटलं, अर्धा तास थांब, ते इमारतीपासून वर सरकलं तर मला परत फोन कर. सरकलं.

मग व्याध आणि राजन्य शेजारी शेजारी ताडून बघा. व्याध उघडच सरस. पण व्याध आहे ८.६ प्रकाशवर्षांवर, अगदी उंबऱ्यावर म्हणा ना, आणि राजन्य ८६० च्या आसपास. म्हणजे शंभर पट लांब. अंतर शंभर पट वाढलं की उजेड दहा हजार पट घटतो, आणि तेवढं घटूनही राजन्य पहिल्या दहा ताऱ्यांत. त्याला उचलून व्याधाच्या जागी ठेवला तर अर्ध्या चंद्राइतका उजेड पडेल, गच्चीवर आपल्या सावल्या दिसतील. हे एकदा कळलं की आकाश सपाट राहत नाही. मला तर काही दिवस व्याधाकडे बघताना उगाचच, सभेत पुढच्या रांगेत बसलेला माणूस मोठा वाटतो त्याची आठवण व्हायची.

व्याधावर अन्याय नको करायला, त्याच्याकडेही एक गोष्ट आहे. १८४४ मध्ये बेसेल या जर्मन खगोलज्ञाच्या लक्षात आलं की व्याध सरळ रेषेत न सरकता किंचित झोकांड्या खात सरकतो आहे. त्यावरून त्यानं ताडलं, याच्याबरोबर न दिसणारं वजनदार कुणीतरी आहे. ३१ जानेवारी १८६२ ला अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्क साडेअठरा इंची भिंगाची चाचणी घेत होता. व्याधावर दुर्बीण धरली आणि शेजारी एक बारीक ठिपका दिसला. तोच तो सोबती: आकार साधारण पृथ्वीएवढा आणि वस्तुमान सूर्याएवढं, विझत आलेला श्वेत बटू. आपल्याला तो दिसत नाही, व्याधाच्या झगमगाटात बुडालेला असतो. पण भिंग तपासताना एखादी गोष्ट सापडावी, हे माझ्यासारखीला जवळचं वाटतं.

बाणाची रेषा वरच्या बाजूला वाढवली की रोहिणी, आणि तसंच पुढे गेलं की कृत्तिका. रोहिणीभोवती इंग्रजी व्ही अक्षरासारखा ताऱ्यांचा पुंजका आहे, जुन्या ग्रंथांतला रोहिणीशकट. रोहिणी त्याच्या एका टोकाला बसली आहे असं वाटतं, पण तिचा त्या गाड्याशी संबंध नाही. ती ६५ प्रकाशवर्षांवर, पुंजका दीडशेवर. फोटो काढताना मध्येच कुणी आडवं यावं तशी ती आली आहे.

कृत्तिका मोजायला सांगते मी सगळ्यांना. आधी काही न सांगता. किती दिसतात ते बघ आणि आकडा सांग. बहुतेक मोठी माणसं "सात" म्हणतात, कारण त्यांनी कुठेतरी सात ऐकलेलं असतं. बोट दाखवून एकेक मोजायला लावलं की सहावर गाडी अडते. मुद्रितशोधनात हा रोग आम्हाला पक्का ठाऊक आहे: डोळा कागदावरचं वाचत नाही, असायला हवं ते वाचतो. म्हणून काही जुने शोधक ओळ उलट्या बाजूनं वाचत. भाच्याची मुलगी आठ वर्षांची असताना तिनं आठ मोजले आणि कुठेकुठे आहेत ते कागदावर ठिपके काढून दाखवले. मी नकाशाशी ताडून बघितलं, आठही बरोबर. माझ्या वहीत कृत्तिकांसमोर बहुतेक नोंदी सहाच्या आहेत, एकदाच सात, आणि त्या सातपुढे मी स्वतःच प्रश्नचिन्ह घातलेलं आहे. गॅलिलिओनं १६१० मध्ये आपल्या दुर्बिणीतून बघून इथे छत्तीस तारे काढले होते. बायनॉक्युलरमधून तुम्हालाही तीसएक सहज मिळतील, आणि खरं सांगायचं तर कृत्तिका दुर्बिणीपेक्षा बायनॉक्युलरमधूनच छान दिसतात. मोठ्या दुर्बिणीत त्या मावत नाहीत.

आता तेजाचं ताडून बघणं. ताऱ्यांच्या तेजाच्या पायऱ्यांना मराठीत 'प्रत' म्हणतात. आमच्याकडे प्रत म्हणजे पुस्तकाची, त्यामुळे "व्याधाची प्रत उणे दीड" हे वाक्य मला अजूनही विनोदी वाटतं. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. एका प्रतीचा फरक म्हणजे उजेड अडीच पट, पाच प्रतींचा म्हणजे शंभर पट. काक्षीसाठी माझी ठरलेली शिडी अशी: राजन्य ०.१, प्रश्वा (म्हणजे प्रोसियन) ०.३, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पोलक्स १.१, आणि अगदी खाली बेलाट्रिक्स १.६. काक्षी यातल्या कुठल्या दोघांच्या मध्ये बसते ते बघायचं, आणि कुणाला किती जवळ ते अंदाजानं ठरवायचं. "प्रश्वाहून जरा कमी, रोहिणीहून बरीच जास्त," एवढं लिहिलं तरी नोंद झाली. काक्षी साधारण अर्ध्या प्रतीच्या आसपास असते आणि साधारण चारशे दिवसांच्या लयीत कमीजास्त होत राहते. त्यावर आणखी एक पाच-सहा वर्षांची संथ लय आहे. इंग्लिश खगोलज्ञ जॉन हर्शेलनं हे बदल १८३६ मध्ये टिपले होते ते साध्या डोळ्यांनीच.

यात दोन खड्डे आहेत, आणि दोन्हींत मी पडले आहे. एक उंचीचा. क्षितिजापासून तीस अंशांवर असलेल्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या दुप्पट हवेतून येतो, त्यामुळे तो मंद दिसतो. रोहिणी आधी वर चढते, काक्षी मागून येते. संध्याकाळी घाईनं बघितलं तर रोहिणी उगाचच जिंकते. दोघी सारख्या उंचीवर येईपर्यंत किंवा दोघी चांगल्या वर चढेपर्यंत थांबायचं. दुसरा खड्डा लाल रंगाचा. लाल ताऱ्याकडे टक लावून बघत राहिलं की तो हळूहळू अधिक तेजस्वी वाटायला लागतो. पहिल्या वर्षी माझ्या सगळ्या नोंदी याच कारणानं फुगलेल्या निघाल्या. आता मी टक लावत नाही. काक्षीकडे एक कटाक्ष, प्रश्वाकडे एक, परत. बाजारात दोन साड्यांचे रंग जुळवताना करतो तसं. आणि रोहिणी या बाबतीत उत्तम सोबतीण, कारण तीही लालसर. फसली तर दोघी सारख्याच फसतात.

हे जमायला लागलं की पुढचा धडा अल्गोल. कृत्तिकांकडून इंग्रजी एम किंवा डब्ल्यू अक्षरासारख्या दिसणाऱ्या शर्मिष्ठेकडे निघालात की साधारण निम्म्या वाटेवर ययाती लागतो, त्यातला हा दुसऱ्या क्रमांकाचा तारा. (देवयानी, शर्मिष्ठा, ययाती आणि सासरा वृषपर्वा असं अख्खं कुटुंब मराठीत या भागात आणून बसवलंय. ज्यानं बसवलं त्याला दाद द्यायला हवी. परक्या नावांचा एक सबंध गठ्ठा पाठ करायचा वाचला.) अल्गोल म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या समोर आला की उजेड उतरतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी. उतरायला पाच तास, चढायला पाच तास, प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत ठरवून बसले. वेळापत्रक आधी बघितलं होतं. सातला वर गेले तेव्हा अल्गोल आणि पश्चिमेकडचा देवयानीच्या पायाचा तारा अगदी जुळे. मनात म्हटलं, काही होत नाहीये. खाली जाऊन दहा पानं तपासली. पावणेनऊला पुन्हा वर. आता जुळे नव्हते; अल्गोल जरा बसका. पुन्हा खाली, पुन्हा दहा पानं. साडेदहाला मी अल्गोलच्या पलीकडच्या बाजूला, पूर्वेकडे, एक दुय्यम तारा आहे त्याच्याशी ताडून बघितलं, तिसऱ्या प्रतीचा असेल. अल्गोल त्याच्याही खाली गेला होता! काही हललं नव्हतं, काही चमकलं नव्हतं, आवाज नव्हता. एक तारा दुसऱ्यासमोरून जात होता आणि ते मला, शाल गुंडाळून, चष्म्यातून कळत होतं. त्या रात्रीची वीस-तीस पानं मी नंतर परत तपासली, बऱ्याच चुका सुटल्या होत्या.

हे कोडं पहिल्यांदा नीट मांडलं जॉन गुडरिक नावाच्या इंग्लिश मुलानं, १७८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. लहानपणापासून त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं साध्या डोळ्यांनी, शेजारच्या ताऱ्यांशी ताडूनच अल्गोलची आवर्तनं मोजली आणि सुचवलं की काहीतरी आड येत असावं. रॉयल सोसायटीनं त्याला कॉप्ली पदक दिलं. एकविसाव्या वर्षी तो गेला. तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर एक हिशेब ध्यानात ठेवा: तीन दिवसांनी पुढचं ग्रहण सुमारे तीन तास अलीकडे सरकतं. म्हणजे एक मध्यरात्री झालं तर तीन दिवसांनी नऊच्या सुमाराला, त्यानंतर सहाला, आणि मग बरेच दिवस गैरसोयीच्या वेळी.

मृगातला तेजोमेघ राहिलाच. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तीन बारीक ठिपक्यांची रांग आहे, तिच्यातला मधला ठिपका ठिपका नाही, धुरकट आहे. साधारण १३४० प्रकाशवर्षांवर तिथे तारे तयार होत आहेत. पण याबद्दल मी आधीच सावध करते. फोटोत दिसतो तो गुलाबी-जांभळा रंग शोधायला जाल तर निराश व्हाल. डोळ्याला तो राखाडीच दिसतो, मघाचंच कारण. काळोखात अर्धा तास बसलं पाहिजे, वीस मिनिटं तरी, आणि तेवढ्यात कुणी "एक मिनिट हं" म्हणून मोबाईल उघडला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. दुसरं म्हणजे थेट त्याच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या बरोबर मध्यावर नसतातच. बाजूला बघितलं की तो पसरतो, सरळ बघितलं की आक्रसतो. बाजूला, सरळ, बाजूला. मी दहा-दहा मिनिटं हेच करत बसते.

बाकीचं भराभर सांगते. व्याध, राजन्य, रोहिणी, ब्रह्महृदय, पोलक्स, प्रश्वा हे जोडून मोठा षट्कोन होतो, पोटात काक्षी; एवढा ओळखला की हिवाळ्यात चुकायची सोय नाही. या ताऱ्यांच्या ओळखीत नसलेला एखादा तेजस्वी ठिपका, न लुकलुकता, शांत उभा दिसला तर तो ग्रह समजा. ग्रह दुर्बिणीत तबकडी म्हणून दिसतो, टिंब म्हणून नाही, त्यामुळे हवेला त्याला हलवता येत नाही. गुरू असेल तर दरवर्षी साधारण एक रास पुढे गेलेला सापडेल. व्याधाच्या बराच खाली दक्षिणेला अगस्त्य, तेजात दुसरा. ३७ अंश उत्तर अक्षांशाच्या वर राहणाऱ्यांना तो कधीच दिसत नाही. तो व्याधापेक्षा कमी दिसतो ते तीनशे प्रकाशवर्षं लांब आहे म्हणून. पुन्हा पुढच्या रांगेचा प्रकार. आणि १३-१४ डिसेंबरच्या रात्री चंद्र नसेल तर पुनर्वसूंकडून उल्का येतात, सावकाश, लांब रेघा ओढत. त्यांचा उगम धूमकेतू नसून फेथॉन नावाचा १९८३ मध्ये सापडलेला खडकाळ लघुग्रह आहे. उल्कांना ताडून बघता येत नाही, त्या नुसत्या बघायच्या. आडवं पडून.

या महिन्यात माझ्या वहीत काक्षीसमोर लिहिलंय: "प्रश्वाहून किंचित कमी. ठीक." मात्र राजन्यसमोर एक विचित्र नोंद आहे. बायनॉक्युलरमधून टिकली करून बघत होते, आधी उजव्या डोळ्यानं, मग डाव्या. उजव्यात नेहमीचा वेल्डिंगचा निळा. डाव्यात जुन्या कागदाचा पांढरा. उलटसुलट पाच वेळा बघितलं. या खेपेला तारा बदललेला असणं शक्य नव्हतं, कारण दुसरा डोळा साक्षीला होता.

डॉक्टर तेच, सहा वर्षांपूर्वीचे. म्हणाले, डाव्यात मोतीबिंदू धरायला लागलाय, भिंग पिवळट होतं आणि निळा रंग आधी गिळतं. घाई काही नाही, मे-जूनमध्ये करू. मी म्हटलं, मे नको, मेमध्ये राजन्य संध्याप्रकाशात बुडतो, मग एकदम पुढच्या हिवाळ्यात. फेब्रुवारीतच करा.

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "राजन्य कोण? नातू का?"

तारीख फेब्रुवारीतली मिळाली आहे. आधी फक्त डावा. वहीत दोन रकाने आखून ठेवलेत, एका बाजूला डावा, एका बाजूला उजवा.